देवाची मोळी

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते मला अजून कळत नाही, आणि लिहिता लिहिता ओळ खाली उतरत जाते. हे कागद कुणाच्या हाती लागलेच, तर त्यांनी मला माफ करावं. जुन्या कॅलेंडरच्या पाठच्या कोऱ्या बाजूला लिहिते आहे. पुढल्या बाजूच्या तारखा इकडं उमटल्या आहेत, त्यांच्याकडं लक्ष देऊ नये. मी चौथीपर्यंत शिकले, तेही सलग नाही. दसऱ्यापर्यंत गावची शाळा आणि दसऱ्यानंतर उसाचा फड, असं माझं शिक्षण झालं.

परवा सणसरला गेले होते. बारामतीहून इंदापूरच्या एसटीत बसले आणि सणसरच्या अलीकडं कॅनॉलपाशी उतरले. कामाचं काही नव्हतं. ऊसतोडीच्या टोळ्या जाऊन बरेच दिवस झालेत, हे मला ठाऊक होतं. तरी गेले.

रान मोकळं पडलं होतं. तीन-तीन दगडांच्या चुली तशाच होत्या, आत राख, त्यावर ऊन. पाचटाचे, उसाच्या वाळक्या पाल्याचे, ढीग वाऱ्यानं इकडंतिकडं झाले होते. एका बाभळीला झोळीची दोरी लोंबत होती, झोळी सोडून नेलेली. आणि जमिनीवर जागोजागी सारवलेले चौकोन. पाचटाच्या कोप्या मोडल्या, बांबू, चटया ट्रकात घालून नेल्या, पण सारवलेली जमीन काही नेता येत नाही. भिंत नाही, छप्पर नाही, उघड्या रानात नुसतं शेणाचं गुळगुळीत अंगण. माझ्या धाकट्या बहिणीचा, शांतीचा चौकोन मला लगेच कळला. ती सारवताना हात अर्धा गोल फिरवते, आमच्या आईसारखा. त्या चौकोनाच्या कडेला मी चप्पल काढली आणि आत जाऊन बसले. वरून ऊन लागत होतं. पाचटाचा तो वास आला, उन्हानं भाजलेला, गोडसर, थोडा धुळीचा. त्या वासाबरोबर मी किती मागं गेले ते मला सांगता येणार नाही.

आमचं गाव तिकडं वरच्या कोरड्या मुलखात. दसरा झाला की आबा, आई, मी आणि कडेवरची शांती, टोळीबरोबर ट्रकात बसून इकडं यायचो. नीरेच्या कॅनॉलचं पाणी दिसलं की ट्रकातल्या बायका हात जोडायच्या, आई मात्र डोळे मिटायची. टोळीत आमचंच एक घर ख्रिस्ती. आबा एका दुपारात कोपी उभी करायचे. बांबू वाकवायचे, त्यावर चटई, चटईवर पाचट. आत वाकून जायचं. पहिले दोन दिवस कोपीला ओल्या उसाचा वास, मग धुराचा, मग आमचा. पहाटे बैलांच्या घुंगरांचा आवाज, पाठोपाठ कारखान्याचा भोंगा, आणि वारा इकडचा असला की मळीचा आंबट वास. तो वास नाकात आला की अजूनही मला भूक लागते.

कोपीच्या छपराला कुठंतरी फट राहायचीच. मला ती आवडायची. निजल्या निजल्या त्यातून एक चांदणी दिसायची, थोड्या वेळानं ती सरकून दुसरी यायची. आई मात्र दिसली फट की चिंधी कोंबायची. थंडी आत येते म्हणायची. मी तिच्या नकळत चिंधी काढायची, ती सकाळी परत कोंबायची. शांती आमच्या दोघींच्या मध्ये, एकाच गोधडीत, आणि गोधडी सगळी आपल्याकडं ओढून घेणारी.

ऊस तोडताना शेंड्याकडचा हिरवा पाला वेगळा निघतो. त्याला वाढं म्हणतात. ऊस कारखान्याचा, पाचट शेतमालकाचं, पण वाढं तोडणाऱ्याचं. त्याच्या मोळ्या बांधायच्या, आपल्या बैलांना घालायच्या आणि उरतील त्या जनावरं असलेल्यांना विकायच्या. टोळीला हातात रोकडा येतो तो तेवढाच. बाकीची मजुरी मुकादमाकडून आधी घेतलेल्या उचलीत जाते. मीठ, मिरची, डोक्याचं तेल, सगळं वाढ्याच्या पैशावर.

पण हंगामातली पहिली मोळी आबा विकायचे नाहीत. पहिल्या रविवारी ती कोपीच्या तोंडाशी उभी करायचे. चांगली घट्ट बांधलेली, लांब हिरवी पानं वर फुटलेली. आम्ही चौघं तिच्याभोवती बसायचो. आबा प्रार्थना करायचे, हळू आवाजात, कारण शेजारच्या कोप्यांतली माणसं दमून पडलेली असत. त्या मोळीला आम्ही देवाची मोळी म्हणायचो.

शांती बोलायला लागली त्या वर्षी तिनं विचारलं होतं, “आबा, देवाला वाढं कशाला? देव काय म्हैस हाय व्हय?”

आईनं तिला चापट मारली. आबा मात्र इतके हसले की त्यांची प्रार्थना राहिली. “देव खात न्हाय गं,” ते म्हणाले. “ज्याच्या बैलाला न्हाय, त्येला देव आपल्या हातानं घालतो. आपुन नुसतं न्हेऊन पोचवायचं.”

मग ती मोळी आबांच्या डोक्यावर आणि त्यांच्या मागं आम्ही दोघी. टोळीत ज्याचा बैल आजारानं बसला असेल, ज्याची बाई बाळंत असेल, त्याच्या दावणीला ती टाकून यायची. आबा काही बोलायचे नाहीत. त्या संध्याकाळी आमच्याकडं कालवणात तेल नसायचं. ते मला तेव्हा कधी जाणवलंच नाही. बैल वाढं खाताना करकर आवाज होतो, तो तेवढा कानात आहे.

मग माझं लग्न झालं. बारामतीतले हे एका कॉलेजात शिपाई होते. दोन खोल्यांचं घर, नळाचं पाणी, रविवारी पायात चप्पल घालून देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जायचं. सासूबाईंनी गल्लीत सांगितलं, सुनेचं माहेर शेतीवालं आहे. मी तिथंच चहाचे कप घेऊन उभी होते. खोटं मी कधी बोलले नाही, असं मी मनाला सांगत आले आहे. नुसती गप्प बसले, आणि तेवढ्यावर सगळं आयुष्य निघालं. यांना माहीत होतं, त्यांनी कधी टोचलं नाही. देवळातल्या बायका उन्हाळ्यात म्हणायच्या, “वहिनी, माहेरच्या शेतातली ज्वारी आली का?” मी हसायची. बाजारातून आणलेली ज्वारी मी एकदोनदा त्यांना वाटलीसुद्धा.

शांती टोळीतच राहिली. टोळीतल्याच मुलाशी तिचं लग्न झालं. नवराबायको मिळून एक कोयता, असा हिशोब असतो तिकडं. दर हंगामात ती इथं सणसरच्या रानात येते, आणि मी आडवारी, रविवार सोडून, पिशवी भरून तिच्याकडं जाते. ती माझ्या घरी आली तर दुपारी यायची, गल्ली निजलेली असताना. मी तसं कधी सांगितलं नव्हतं. तिचं तिनंच ओळखलं होतं.

यंदा देवळात नवीन पाळकसाहेब आले. वयानं लहान, बोलायला धीट. दिवाळीच्या सुमारास त्यांनी उपासनेत सांगितलं की या वेळची हंगामाची उपासना आपण मांडवात करू. यहुदी लोकांचा मांडवांचा सण असतो, पीक घरात आलं की करतात. तो आपणही समजून घेऊ.

साळवेकाका देवळाचे खजिनदार. मनानं चांगले, पण तोंडाचे फटकळ. ते बसल्या जागेवरून म्हणाले, “पाळकसाहेब, आपण ख्रिस्ती माणसं. यहुद्यांचा सण आपल्याला कशाला? आज मांडव घाला म्हणताय, उद्या म्हणाल सुंता करा!”

पुरुष हसले. आम्ही बायकांनी पदर तोंडाला लावला. पाळकसाहेबही हसले आणि म्हणाले, “काका, येशू कुणाचे सण पाळत वाढला? नाताळ तर त्यानं एकदाही केला नाही. मांडवांच्या सणाला मात्र तो पायी चालत गेला होता.”

काका म्हणाले, “ते बरोबर आहे,” आणि परत एकदा हशा झाला.

मग पाळकसाहेबांनी जे सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहिते. देवाचे लोक गुलामीतून सुटले तेव्हा त्यांना घर नव्हतं. रानात पाल्याच्या खोपी करून ते राहिले. पुढं त्यांना जमीन मिळाली, घरं झाली, कणग्या भरल्या. तेव्हा देव म्हणाला, आता वर्षातून सात दिवस घराबाहेर या. पाल्याचा मांडव करा आणि त्यात राहा. तुम्ही कुठून आलात ते विसरू नका. आणि त्या मांडवात एकटे जेवू नका. तुमच्या शेतात राबणारा, परका, विधवा, पोरकं लेकरू, सगळ्यांना घेऊन बसा. त्यांच्यावाचून तो सण होत नाही. छपराला फटी ठेवायच्या, वर आभाळ दिसलं पाहिजे.

पुढं ते म्हणाले, आपल्या शास्त्रात आहे की देवाचा पुत्र माणसांत येऊन राहिला. तिथं मूळचा शब्द राहुटी ठोकण्याचा आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांना या सणाचा अर्थ इथं लागतो. माणूस पाल्याच्या घरात होता, तर देवही पाल्याच्या घरात आला.

मी मान खाली घालून बसले होते. राहुटी म्हणजे काय ते या सगळ्यांना ऐकून कळत होतं. मला धुराच्या वासासकट कळत होतं. देवाच्या लेकानं आमच्यात कोपी घातली. आई फटीत चिंध्या कोंबत होती, तेव्हा तो शेजारच्याच कोपीत असेल. मला उठून हे म्हणावंसं वाटलं आणि त्याच क्षणी माझ्या तोंडावर काही दिसतंय की काय म्हणून मी पदर पुढं ओढला.

पाळकसाहेबांनी शेवटी सांगितलं, “आपल्या कष्टाचं पहिलं घेऊन या, आणि एक बाहेरचं माणूस घेऊन या.”

घरी येताना हे म्हणाले, “शांतीला बोलव की.”

“बघू,” मी म्हणाले.

त्याच आठवड्यात सणसरला गेले. शांती कोपीपुढं भाकरी थापत होती. नवरा बैलांना पाणी पाजायला गेला होता. मी मांडवाची गोष्ट सांगितली, पण बोलावणं म्हणून नाही, गल्लीतली गंमत सांगावी तशी.

“सात दिस पाल्याच्या घरात?” ती म्हणाली. “आन् हौसेनं?”

“व्हय. देवाचा हुकूम हाय त्यांना.”

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. “आगं आक्के, मग आमी तर सहा-सहा महिनं सण करतोय की! तुज्या पाळकसायबाला सांग, हिकडं ये म्हणावं पंगतीला.”

तव्यावरची भाकरी तिनं उलटली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “मी येऊ?”

मी म्हणाले, “तुझा खाडा पडंल.”

“पडू दे.”

“बघ बाई, तुझं तू.”

ये, असं मी म्हणाले नाही. एवढी मोठी भाषा आपली, त्यातला तो एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

रविवारी देवळापुढं मांडव पडला होता. तो खरं तर लग्नाच्या मंडपवाल्याचा, झालरीचा, गुलाबी कापडाचा. पाळकसाहेबांनी वरचं कापड काढायला लावलं आणि झावळ्या टाकायला सांगितल्या. चार कोपऱ्यांना चार ऊस बांधले. झावळ्या कमी पडल्या, खाली उन्हाचे कवडसे पडायला लागले. पाळकसाहेब म्हणत होते राहू द्या, आभाळ दिसू द्या. साळवेकाका म्हणत होते, म्हाताऱ्या माणसांना भोवळ येईल, मी वाढं सांगून ठेवलंय एकाला, ते वर टाकू.

समोर टेबलावर सगळ्यांचं पहिलं पीक मांडलं होतं. भोपळे, कणसं, डाळिंबं, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला एक कोंबडा. उपासनेनंतर आमच्यात त्याचा लिलाव होतो, आणि एकेका नारळाला माणसं हौसेनं भलतीच बोली बोलतात. मी पेरू आणले होते, मंडईतून विकत घेतलेले. ते मी ताटात रचत होते.

तेवढ्यात फाटकातून शांती आली. डोक्यावर मोळी. दुधाच्या टेम्पोतून आली असावी. धुतलेलं लुगडं, केसांना तेल, पायात नवऱ्याची चप्पल. मोळी घट्ट बांधलेली, पानं वर फुटलेली, वाळकं एक पान नाही. मी बघितल्याबरोबर ओळखली. ती विकायची मोळी नव्हती.

साळवेकाका शिडीपाशी घामाघूम उभे होते. “आलं का वाढं!” ते ओरडले. “किती उशीर बाई! टाक, इथं शिडीपाशी टाक.”

शांतीनं मोळी उतरवली. “न्हाय, म्या ते…” ती म्हणाली.

“असू दे, असू दे. किती झाले?” काकांनी खिशात हात घातला. “हे घे दोनशे. जास्तच आहेत, सणाचं आहे म्हणून देतोय.” आणि त्यांनी नोटा तिच्या हातात कोंबल्या.

शांतीनं इकडंतिकडं बघितलं. इस्त्रीचे शर्ट, बायकांचे गजरे, मुलांचे बूट. मग तिला मी दिसले. तिनं माझ्याकडं बघितलं. ती काही मागत नव्हती. नुसती माझ्या बोलण्याची वाट बघत होती.

मी मान खाली घातली. एका पेरूला डाग होता. तो मी फिरवला, डाग खाली केला, मग शेजारचा फिरवला. पुन्हा मान वर केली तेव्हा ती फाटकाबाहेर गेली होती.

तिची मोळी सोडून मांडवावर पसरली. सावली झाली. उपासना झाली, गाणी झाली, पाळकसाहेबांनी परक्या माणसाला जवळ करण्यावर उपदेश केला, आणि वरून सारा वेळ हिरव्या वाढ्याचा ओला वास येत होता. मी देवाच्या मोळीखाली बसले होते. माझ्या पेरूंना चांगली बोली आली. टाळ्या वाजल्या.

नंतर देवळाची राखण करणाऱ्याच्या शेळ्यांनी ते वाढं खाल्लं. आबांना ते चाललं असतं. तेवढं एक मी मनाला सांगत होते.

काही दिवसांनी डबा घेऊन सणसरला गेले. शांती पाण्याची घागर घेऊन येत होती. डबा बघून म्हणाली, “सणाचं उरलंसुरलं आणलंस व्हय?”

“आजच केलंय गं.”

“बस.”

मी बसले. तिनं पाणी दिलं. ती चुलीत काटक्या सारत राहिली.

“आबानं सारी हयात देवाची मोळी इकली न्हाय,” ती म्हणाली. “म्या इकली. दोनशाला.”

“तू कुठं विकलीस? त्यांना वाटलं…”

“त्यांना काय बी वाटू दे. म्या पैसं घेतलं का न्हाय? घेतलं. परत द्यायचं बळ झालं न्हाय मला, एवढी धुतली माणसं बघून.” मग एक काटकी मोडून म्हणाली, “आन् तू प्येरू मांडीत हुतीस.”

मला रडायला आलं. तिनं बघितलं, पण समजूत घातली नाही. ते बरोबरच होतं.

“पैशे परत करून टाकू,” मी म्हणाले.

“कुठनं? येताना पोरीच्या खोकल्याचं औषद घेतलं, पीठ घेतलं. सरलं.”

मी माझी पर्स उघडली. तिनं हात आडवा केला.

“तुजं नगं, आक्का. तू भरलंस तर ती मोळी तुजी हुईल. ती माजी हाय. म्या वाढ्यातनं साटवून दीन. मुकादमाची उचल फिटंल, न्हाय फिटंल. देवाची उचल डोक्यावर नगं मला.”

तेव्हापासून हंगामभर तसंच चाललं. मी गेले की ती कमरेची पिशवी सोडायची आणि दहा, कधी वीस माझ्या हातावर ठेवायची. मी ते रुमालात बांधायची. एखाद्या वेळी म्हणायची, “हा आठवडा लई वाईट ग्येला, त्यातलं वीस माघारी दे,” आणि मी गाठ सोडून द्यायची. नाताळात मी करंज्या घेऊन गेले. कोप्यांपुढं थंडी वाजत होती, बायका पाचट पेटवून शेकत होत्या. शांतीनं कोपीच्या बांबूला चांदणी म्हणून विड्याच्या पुड्याचा चंदेरी कागद बांधला होता. त्या दिवशी तिनं दहाची नोट दिली आणि वर म्हणाली, “हे सणाचं म्हणून जास्त न्हाय हां. हिशोबातलंच हाय.” आम्ही दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो.

संक्रांत गेली. उसाला तुरे आले, ते वाऱ्यानं एका अंगाला कलले. आम्ही लहान होतो तेव्हा शांती तुरा तोडून माझ्या कानात घालायची, मी ओरडायची. बाभळींना पिवळी फुलं आली. फड संपत आले. एके दिवशी गेले तर कोप्या मोडून ट्रकात चढवत होते. भांडी, चटया, कोंबड्यांची डालगी, पाय बांधलेली शेळी, वरती पोरं. शांतीनं मला बाजूला घेतलं आणि शेवटचे पैसे माझ्या हातात ठेवले. नाणी होती, गरम.

“झालं का आता?” तिनं विचारलं.

“झालं.”

“तू दे न्हेऊन. पर मुकाट्यानं दानाच्या पिशवीत टाकू नगं. कुणाचं, कशाचं, सांगून दे. न्हायतर ऱ्हाऊ दे तुज्यापाशीच.”

“शांते, मला माणसांत बोलाया येत न्हाय.”

“मला तरी कुठं येतं? म्हून तर ही पाळी आली.”

ट्रक निघाला. ती मागं बघत नव्हती, शेळीला सांभाळत होती.

त्यानंतरचे किती रविवार मी तो रुमाल पदराखाली घेऊन देवळात गेले आणि तसाच घरी आणला. दानाची पिशवी पुढं आली की हात आपोआप गाठीकडं जायचा. टाकून द्यावे, कुणाला कळणार आहे? मग तिचं बोलणं आठवायचं. नाण्यांचा माझ्या अंगाला वळ उठला होता. यांनी एकदा विचारलं, “मी सांगू का काकांना?” मी नको म्हणाले. त्यांनी सांगितलं असतं तर ते यांचं बोलणं झालं असतं.

म्हणून परवा त्या मोकळ्या रानात जाऊन बसले. तिथं बसून मी मोठ्यानं बोलून बघितलं. आधी आवाज निघेना. मग निघाला. एक बगळा उडाला, बाकी कोणी नव्हतं. शांतीच्या सारवणावर हात ठेवला, ते गरम होतं. मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. एसटी चुकली, दुसरीनं आले.

काल रविवार. उपासना झाल्यावर बाहेर चहा चालला होता. साळवेकाका टेबलाशी दान मोजत होते. मी जाऊन उभी राहिले.

“बोला वहिनी.”

“काका, हे दोनशे.” मी गाठ सोडून रुमाल टेबलावर ठेवला.

“कसले हो?”

“मांडवाच्या दिवशी वाढं आलं होतं ना. त्या बाईला तुम्ही दिले होते.”

“हां हां. का? कमी पडले का तिला?”

“नाही. ती विकायला आली नव्हती. तिचं हंगामाचं दान होतं ते. पहिली मोळी होती.” मी रुमाल आणखी पुढं सारला. “ती माझी बहीण आहे. सख्खी. ऊस तोडते. माझे आईवडील तोडायचे. मीही तोडला आहे. इथंच, सणसरला.”

पलीकडं चहा घेणाऱ्या दोघी बोलता बोलता थांबल्या. काकांचा हात दानाच्या नोटांवर तसाच राहिला.

“अहो, मग तुम्ही तिथंच होता की,” ते म्हणाले. “त्या वेळी का नाही बोललात?”

“लाज वाटली.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग रुमाल माझ्याकडं सारून हळूच म्हणाले, “राहू द्या वहिनी. चूक माझी होती. तिलाच द्या हे, गरीब आहे बिचारी.”

“नाही काका,” मी म्हणाले. माझा आवाज मोठा झाला होता, मलाच ऐकू आला. “घ्या ते. मोजून घ्या.”

काकांनी रुमाल पूर्ण उलगडला. मळक्या दहाच्या नोटा त्यांनी एकेक करून सरळ केल्या, मग नाणी लावली. मी तिथंच उभी राहिले, कुठं बघावं ते न कळता त्यांच्या हाताकडं बघत. शेवटचं नाणं ठेवून त्यांनी मान वर केली.

“पुरते दोनशे आहेत,” ते म्हणाले, आणि पैसे त्यांनी आपल्याकडं ओढून घेतले.